बदकाच्या गाठीचा तुकडा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी तुकडा आहे आणि मी चिडलेला आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की बहुधा हळव्या होतात. जुनी छत्री रडते, फुटकी पाटी उसासे टाकते. मी तसलं काही करणार नाही. लाकूड भिजलं की फुगतं, आणि फुगलेल्या गोष्टींविषयी मला पुढे बरंच बोलायचं आहे.

माझा आकार शाळेच्या वहीएवढा, जाडी अंगठ्याएवढी. रंग मधासारखा, त्यात गर्द रेषा, आणि उजव्या कोपऱ्यात एक गाठ. झाडाला जिथून फांदी फुटते तिथे लाकडात अशी गाठ राहते. माझी गाठ बदकासारखी दिसते. नुसत्या बदकासारखी नाही, घरी काहीतरी विसरून आल्यामुळे मागे वळून बघणाऱ्या बदकासारखी. हे बदक नीट लक्षात ठेवा. सगळा घोळ त्याच्यामुळेच झाला.

मी झाडात होतो तेव्हाचं मला फारसं आठवत नाही. उभा होतो, एवढं आठवतं. मग आडवा झालो. कारखान्यात माझ्या भावंडांच्या फळ्या झाल्या, दारं झाली, एकाचा तर म्हणे पियानोचा पाय झाला आणि तेव्हापासून तो आमच्याशी बोलत नाही. मी टोकाचा उरलेला तुकडा. मला रंधा मारला, घासलं, तेल पाजलं आणि एका काचेवर पालथं घातलं. काचेखालून पांढराशुभ्र उजेड माझ्या तोंडावरून गेला आणि परत आला. यंत्राजवळचे दोघे पडद्याकडे बघत म्हणाले, "गाठ झकास आलीय." मला वाटलं, माझं कौतुक चाललंय. फोटो कशासाठी काढला हे मला कुणी सांगितलं नाही. विचारायला मला तोंड होतं, पण ते काचेला चिकटलेलं होतं.

तिथून माझी रवानगी एका दुकानात झाली. रुंद रस्त्यावरचं काचेचं दुकान. एका बाजूला औषधांचं दुकान, दुसऱ्या बाजूला सायकलींचं. आत भिंतीभर चकचकीत फळ्या उभ्या केलेल्या. मला मात्र दर्शनी टेबलावर मानाची जागा मिळाली, आणि लगेच माझ्या कोपऱ्याला भोक पाडून मला दोरीने टेबलाच्या पायाला बांधलं. पोस्टात पेन बांधतात तसं. पेन लोक पळवतात म्हणून बांधतात. मला का बांधलं, हे कळायला मला फार वेळ लागला.

दुकानदार रोज सकाळी मला तेलाचा बोळा फिरवायचा. स्वतःच्या बुटांना त्याने एवढं जपलेलं मी पाहिलं नाही. गिऱ्हाईक आलं की तो मला त्यांच्या नाकाशी धरायचा. "वास घ्या," म्हणायचा. लोक वास घ्यायचे. "वाजवून बघा." लोक माझ्यावर बोटाची पेरं आपटायचे. एका गृहस्थांनी तर माझ्या पाठीला कान लावला आणि बराच वेळ मान हलवली. त्यांना काय ऐकू आलं ते देव जाणे, मी तेव्हा काहीच बोलत नव्हतो. मग दुकानदार म्हणायचा, "हेच तुमच्या घरी येणार." हे म्हणताना त्याचा एक हात माझ्यावर असायचा आणि दुसरा भिंतीवरच्या फळ्यांकडे. मित्रांनो, त्या दोन हातांच्या मधल्या जागेत त्याचा सगळा धंदा होता.

एके दिवशी दुकानात एक बाई आली. गळ्यात मोजायची टेप, पदराला टाचण्या, बोटांना खडू. ती शिवणकाम करायची. सगळी गल्ली तिला शिवणताई म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. तिच्या मागे तिचा नवरा. तो बस चालवायचा आणि दुकानातसुद्धा वळताना आधी दोन्हीकडे बघायचा.

शिवणताईने मला उचललं, पण वास घेतला नाही आणि वाजवलंही नाही. तिने मला सरळ खाली जमिनीवर ठेवलं आणि माझ्यावर गुडघा टेकला.

दुकानदार गडबडला. "वहिनी, काय पडलं का तुमचं?"

"नाही. बघतेय," ती म्हणाली.

मग नवऱ्याने खुलासा केला. ती पडदे, खोळी, शाळेचे गणवेश शिवते. एवढालं कापड पसरायला जमिनीशिवाय जागा नाही. दिवसभर गार, टणक फरशीवर गुडघे टेकून कापायचं. गुडघे आता संपावर गेलेत. डॉक्टरांनी सांगितलंय, एक तर जमिनीवरचं काम सोडा, नाहीतर जमीन बदला.

"टेबल घ्यायचं ना मग," दुकानदार म्हणाला आणि लगेच जीभ चावली, कारण तो टेबलं विकत नव्हता.

"घेतलं असतं," नवरा म्हणाला, "पण मग आई धरून आम्हा तिघांना टेबलावर राहायला जावं लागेल."

शिवणताई उठली. उठताना तिने एका हाताने खुर्ची धरली आणि तोंडाने काहीच आवाज केला नाही. सवय झालेली माणसं असंच उठतात. "मी हा घरी नेते," ती म्हणाली. "चार दिवस याच्यावर काम करून बघते. कच्चा टाका घालून बघितल्याशिवाय मी पक्का घालत नाही."

नमुना घरी न्यायचा नाही, असा दुकानाचा कडक नियम होता. पण समोर अख्ख्या खोलीचं गिऱ्हाईक उभं होतं, आणि दुकानदाराच्या तोंडातून निघून गेलं, "न्या की वहिनी, तुमचंच दुकान आहे." त्याला वाटलं असावं, दोरी आहेच. शिवणताईने पिशवीतून कात्री काढली आणि दोरी कापली.

त्या घरात मी जे चार दिवस काढले, ते माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस. पुढची खोली म्हणजेच तिचं दुकान. खिडकीखाली मशीन, मशीनशेजारी सासूबाईंची खुर्ची. मी शिवणताईच्या गुडघ्याखाली. ती सरकली की मलाही सरकवायची. सकाळी ती माझ्यावर बसली की मी जरासा गार असायचो, पण थोड्याच वेळात तिच्याइतकाच ऊबदार व्हायचो. फरशीला हे जमत नाही, फरशी दिवसभर हट्टाने फरशीच राहते. वासासाठी आणि वाजवण्यासाठी वापरलेलं लाकूड मी. पहिल्यांदा कुणीतरी माझा उपयोग करत होतं.

बदकाला नाव सासूबाईंनी ठेवलं. "हे बघ सूनबाई, या बदकाचं काहीतरी घरी राहिलंय." त्या खुर्चीत बसून दिवसभर जमिनीकडे बघत असायच्या. टीव्ही त्यांना आवडत नसे. टीव्हीतली माणसं मध्येच उठून जातात, जमीन कुठे जात नाही, असं त्यांचं म्हणणं.

चौथ्या दिवशी शिवणताई नवऱ्याला म्हणाली, "आज उठताना दुखलं नाही." एवढ्यावर फ्लोअरिंग ठरलं.

ते आलं त्या दिवशी शिवणताई शाळेच्या नाटकाचे पडदे पोचवायला गेली होती. पुठ्ठ्याच्या खोक्यांतून फळ्या आल्या, दोन माणसं आली, मला मशीनखाली सरकवून टकाटक टकाटक एकात एक अडकवत त्यांनी खोली भरून टाकली आणि चहासुद्धा न घेता निघून गेली. शिवणताई कापड घेताना आधी उलटी बाजू बघायची. सुलट बाजू सगळेच नीट करतात, असं म्हणायची. पण जमिनीची उलटी बाजू बघायचं कुणाला सुचतं? आणि ती परत आली तोवर उलटी बाजू कायमची खाली गेली होती.

"अगदी हॉटेलात आल्यासारखं वाटतंय," नवरा म्हणाला.

"मग चहा मागव," सासूबाई म्हणाल्या.

शिवणताई सगळ्यांच्या मध्ये खाली बसली. तिने गुडघा टेकला. तो गुडघा क्षणभर थबकलेला मी मशीनखालून पाहिला. पण घरात एवढा आनंद चालू होता की तिने दुसराही गुडघा टेकला.

मी मात्र बघत होतो. समोरच्या फळीवर एक बदक होतं. मागे वळून बघणारं. मला वाटलं, आरसा आहे. मग शेजारच्या फळीवर बदक दिसलं. त्याच्यापलीकडे आणखी एक. आरसा भिंतीपर्यंत पसरलेला होता. तेव्हा मला तो पांढरा उजेड आठवला, आणि माझ्या तोंडाचं काय केलं गेलं ते कळलं. त्यांनी माझा फोटो छापला होता, कागदावर, आणि तो कागद दाबलेल्या भुश्शाच्या पाट्यांवर चिकटवला होता. अख्ख्या खोलीत लाकूड म्हणून मी एकटा होतो, आणि मी मशीनखाली होतो.

मला किती राग आला ते मी सांगू शकत नाही. तुमचाच फोटो हजार वेळा छापून, 'हीच ती व्यक्ती' म्हणत लोकांच्या घरी पाठवला आणि त्या फोटोंना आमटी वाढायला सांगितली, तर तुम्हाला कसं वाटेल, तसं मला वाटलं.

पुढचे काही दिवस सासूबाई जमिनीकडे बघून डोळे चोळत होत्या. मग एका दुपारी कुणालाही न सांगता त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या.

"आई, काय झालं डोळ्यांना?" शिवणताई घाबरली.

"काही नाही झालेलं," सासूबाई म्हणाल्या. "तेच तपासायला गेले होते. मला सगळीकडे एकच बदक दिसत होतं. मला वाटलं, गेले डोळे. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत." त्या खुर्चीत बसल्या. "तेव्हा आता मला राग आलाय."

शिवणताई खाली वाकली. हात फिरवत एका फळीवरून दुसऱ्या फळीवर गेली. बदक, बदक, बदक. तीच चोच, तीच मान, मानेजवळचा तोच बारीक तडा. कुठलंही झाड एकाच आकाराची गाठ दोनदा करत नाही, तेवढी त्याला हौसही नसते. शिवणताईने मला मशीनखालून काढून शेजारी ठेवलं आणि कितीतरी वेळ ती आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिली.

तरीही तिने मनाची समजूत घातली. दिसण्याचं काय, काम झालं म्हणजे झालं. पण काम होईना. ती जमीन फरशीसारखीच गार, वर पोकळ वाजायची. आणि मग इस्त्री गळली. वाफेच्या इस्त्रीतून चार थेंब पडले. पडतातच. दुसऱ्या दिवशी फळ्यांचा सांधा पावाच्या कडेसारखा वर आला. तिसऱ्या दिवशी शेजारचा. सांसर्गिक आजार असावा तसं ते पसरत गेलं. शिवणताईने एक मोठा पडदा पसरला, खडूने रेघ मारली आणि कात्री चालवली. कापड एका उंचवट्यावर चढलं, पलीकडे उतरलं, आणि पडदा एका बाजूने आखूड झाला. तिच्या हातून कापड वाकडं कापलं गेल्याचं त्या गल्लीत कुणी ऐकलं नव्हतं. ती त्या आखूड बाजूकडे बघत बसली. मग उठायला गेली आणि तिला उठता आलं नाही. सासूबाईंनी हात दिला. गुडघे पूर्वीपेक्षा जास्त बिघडले होते.

तिने पदराची टाचणी काढली आणि माझ्यात खुपसली. टाचणी वाकली. दुसरी काढून तिने फुगलेल्या सांध्यात खुपसली. ती उशीत जावी तशी डोक्यापर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी ती आणि नवरा दुकानात गेले. कडेची एक फुगलेली फळी उचकटून घेतलेली, आणि मी पिशवीत.

दुकानदाराने फळीकडे बघितलं. "पाणी लागलंय, मॅडम," तो म्हणाला. फळ्या घेताना ती वहिनी होती, हे मी तुम्हाला सांगितलंच आहे.

"चार थेंब पडले."

"पाणी चालत नाही."

"जमीन आहे. पुसावी तर लागणार."

"पुसा की. पण पाण्याने नाही."

"मग कशाने?"

दुकानदाराने विचार केला. "कोरड्या फडक्याने. हलक्या हाताने. रोज नको." मग त्याने विचारलं, "चालता का तुम्ही हिच्यावर?"

नवरा म्हणाला, "जमिनीवर चालतोच आम्ही. लहानपणापासून."

"चपला घालून?"

"अनवाणी."

"तेच तर. पायाला ओल असते."

"मग चपला घालू?"

"चरे पडतील."

नवऱ्याने सवयीने दोन्हीकडे बघितलं. त्याने आयुष्यात भल्याभल्या वाहतूक पोलिसांशी हुज्जत घातली होती, पण असा चौक त्याला कधी लागला नव्हता.

"आणि मॅडम, तुम्ही गुडघे टेकता ना?" दुकानदार म्हणाला. "मग आम्ही काही करू शकत नाही. ही चालायची जमीन आहे. टेकायची नाही."

शिवणताईने मला पिशवीतून काढलं आणि फळीशेजारी टेबलावर ठेवलं. "मी याच्यावर गुडघा टेकला होता," ती म्हणाली. "तुमच्यासमोर. तुम्ही म्हणालात, हेच येणार."

"हेच आलंय."

"हे आणि ते एकच?"

"एकच आहे, मॅडम. शंभर टक्के." आणि मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "अरे, हा आमचा तुकडा," म्हणत त्याने हात पुढे केला. शिवणताईने मला उचलून पिशवीत टाकलं आणि ती दुकानातून बाहेर पडली. तिला राग आला होता, पण माझ्याइतका नाही. मला तेव्हा दात असते तर मी त्याचं बोट धरलं असतं.

त्यानंतर दुकानाचं काय झालं, ते दुकानदाराच्या तोंडूनच आम्हाला कळलं, कारण एका सकाळी तो स्वतः घरी आला. हातात फळांची पिशवी.

"या," सासूबाई म्हणाल्या. "त्या खुर्चीवर बसा. तिथे जमीन डुलते, झोप छान लागते."

तो बसला. खुर्ची एका बाजूला कलली. समोर शिवणताई खाली बसून खोळ कापत होती. एक गुडघा माझ्यावर, दुसरा घडी घातलेल्या पोत्यावर. अख्खी नवीन जमीन भोवती पसरलेली असताना ती या दोन बेटांवर राहत होती.

"वहिनी," दुकानदार म्हणाला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "वहिनी, तेवढा तुकडा द्या. गिऱ्हाईक येतं, भिंतीवरच्या फळ्या वाजवतं आणि निघून जातं. हातात द्यायला काही नाही."

"दुसरा करून घ्या," शिवणताई वर न बघता म्हणाली.

"दुसरा जुळत नाही. सगळ्या मालावर याचंच बदक आहे."

मित्रांनो, मला दोरीने का बांधलं होतं ते मला त्या क्षणी कळलं.

शिवणताईने कात्री खाली ठेवली. "भाऊ, तुम्ही म्हणाला होतात, हे आणि ते एकच. शंभर टक्के. मग हाच कशाला हवा? यातली तुम्हाला आवडेल ती फळी उचला आणि घेऊन जा."

दुकानदार जमिनीकडे बघू लागला. जमिनीवरून सगळी बदकं मागे वळून त्याच्याकडे बघत होती.

"निवडा की," सासूबाई म्हणाल्या. "डाव्या हाताची ती जरा कमी फुगलीय. वास घ्या. वाजवून बघा."

तो खरंच वाकला. एका फळीला त्याने हात लावला. मग हात मागे घेतला आणि पँटला पुसला. "तसं नाही हो वहिनी," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाच्या हातात हे कसं देणार? तो तुकडा खरा..."

आणि तो थांबला.

तेवढ्यात बसची पाळी संपवून नवरा दारात आला होता. बूट हातात, कारण चरे पडतात. तो शांतपणे म्हणाला, "खरा काय? पूर्ण करा की वाक्य."

दुकानदाराने ते वाक्य पूर्ण केलं नाही, पण आठवड्याच्या आत त्याची माणसं येऊन सगळी जमीन उचकटून घेऊन गेली आणि त्याने घेतलेले सगळे पैसे परत केले. फळ्या उलट्या होऊन दारातून बाहेर जाताना सासूबाई खुर्ची ओढून दारापाशी बसल्या होत्या. प्रत्येक फळीची पाठ त्यांनी बघितली. करडा, दाबलेला भुस्सा. "पाठ बघा मेल्यांची," त्या प्रत्येक वेळी म्हणाल्या. मला मात्र दुकानदाराच्या माणसांनी मागितलं नाही. मागायची हिंमत कुणाला झाली नाही.

अशा कहाण्या इथे गोड होतात, पण माझी झालेली नाही. खाली तीच जुनी गार फरशी आहे. खऱ्या लाकडाची जमीन शोधायला शिवणताई अजून दुकानं हिंडते, आणि आता कुठेही गेली तरी आधी फळी उलटी करते. तिथले दुकानदार म्हणतात, बाई विचित्र आहे. माझा फोटो अजूनही कितीतरी घरांत जमिनीवर पसरलेला आहे. तिथली माणसं हलक्या हाताने पुसत असतील आणि चूक आपल्याच पायांची आहे असं समजत असतील. हे आठवलं की माझ्या रेषा गर्द होतात.

तेव्हा मित्रांनो, कुणाच्या घरी गेलात आणि जमिनीवर मागे वळून बघणारी बदकं दिसली, तर त्यांना नावं ठेवू नका. ती बिचारी छापली गेलीत. घरातल्या मोठ्यांना मात्र सांगा की तुमच्या पायांना ओल नाही. माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. मी लाकूड आहे, मी टिकतो. पण तुमच्याही घरात कुणीतरी असेल, जे उठताना एका हाताने खुर्ची धरतं आणि आवाज करत नाही. त्यांच्यासाठी काही घ्यायला गेलात, तर ते उलटं करून बघा, आणि आधी त्यांना त्यावर गुडघा टेकू द्या. दुकानदार ओशाळला तर ओशाळू दे.

अजून बराच राग शिल्लक आहे, पण आता थांबतो. तिने कापड पसरलंय, आणि तिचा गुडघा खाली येतोय.